पंख गळालेली परी आणि आवडीच्या कोंबड्या

"खायच्या वेळी सगळ्यांच्या पुढं आणि द्यायच्या वेळी हात वर. कोंबड्याही तसल्याच आणि ती पोरगीही तसलीच."

कुडाच्या पलीकडं साळूमामी केरबामामाला हे सांगत होती. अलीकडं अंगण झाडता झाडता आवडीच्या हातातला खराटा थांबला. कोंबड्यांना हात नसतात, मग त्या ते वर कशा करतील, असं तिच्या मनात आलं. पण ती बोलली नाही. आवडी मुळी बोलायचीच नाही फारशी. मनात येईल ते गिळायचं आणि वरून पाण्याचा घोट घ्यायचा, ही तिची रीत.

मामी पुढं म्हणाली, चंपाषष्ठी तेवढी होऊ दे. देवाला भरीत-रोडगा दाखवला की दुसऱ्या दिवशी साऱ्या आळीला रश्श्याचं बोलावणं धाडायचं. अंडी न देणाऱ्या कोंबड्या पाळायला आपण काय राजे लागून गेलो? मामानं नुसतं "हूं" केलं. मामाचं "हूं" कधी हो असायचं, कधी नाही. मामी मात्र ते नेहमी होच ऐकायची.

आवडीनं खराटा भिंतीशी टेकवला आणि ती खुराड्यापाशी जाऊन बसली. तिच्या डोळ्यांतून एक टपोरा थेंब निघाला, गालावरून घरंगळला आणि मातीत पडून मोत्याएवढा खळगा करून गेला.

मोरओढा नावाचं ते गाव डोंगराच्या पायथ्याशी होतं. आवडीची आई गेली तेव्हा मामा तिला घ्यायला आला होता. आवडीच्या अंगावर होतं तेवढंच लुगडं आणि डोक्यावर वेताची एक डालगी. डालगीत चार कोंबड्या. शेवंती होती पिवळीधमक, जणू उन्हाचा गोळाच. कवडी पांढरीशुभ्र, तिच्या पंखांवर राखी ठिपके. मिरी काळीभोर; ती वळली की मानेवर मोरपिशी रंग चमकून जायचा. आणि थोरली होती विटकरी रंगाची, लठ्ठशी, सगळ्यांत वडील. आईच्या लग्नाच्याही आधीची म्हणत, पण म्हणणारे काय, काहीही म्हणतात.

त्या वर्षी उन्हाळ्यात चौघींनी अशी अंडी दिली की साळूमामीचं शिंकं भरून गेलं. दुधी अंडी, गुलाबीसर अंडी, गव्हाळ अंडी! शेजारची तानूकाकी कुंपणाशी थांबून म्हणाली, "काय बाई एकेक अंडं, डोळ्यांचं पारणं फिटलं."

झालं. मामीनं हातातली अंडी पदराखाली घेतली. तानूकाकीचा डोळा वाईट, असं काही कुणी कधी म्हटलेलं नव्हतं; पण मामीच्या घरात दृष्ट लागण्याजोगी गोष्ट पहिल्यांदाच आली होती, तेव्हा ती लागणारच अशी तिची खात्री. तिनं मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. खुराड्याला बिब्बा बांधला. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून जाडजूड गोणपाट शिवून साऱ्या खुराड्याला घातलं. आळीतली माणसं रानात गेली की मग ते उघडायचं, आणि ती परतायच्या आत कोंबड्या कोंडून पुन्हा खाली सोडायचं. अंड्यांची टरफलं कुणी मोजू नयेत म्हणून तीही ओढ्याच्या डोहात नेऊन टाकायची. पूर्वी आवडीची आई टरफलं कुटून कोंबड्यांनाच चारायची. आवडीला ते सांगायचं होतं. तिनं पाण्याचा घोट घेतला.

मग पावसाळा सरला, दिवाळी झाली, आणि अंडी आटली. आधी रोजची होती ती दिवसाआड झाली, मग पातळ कवचाची आली, मग येईनाशीच झाली. मिरी तर एक दिवस नाहीशीच झाली. त्याआधी ती खुडूक बसली होती, अंडी उबवायचा हट्ट धरून. मामीनं तिची खोड मोडायला तिला गार पाण्याच्या बादलीत बुचकळलं होतं. "मुंगसानं नेली," मामी म्हणाली, आणि राहिलेल्या तिघींकडं असं पाहिलं की जणू त्यांनीच मुंगसाला धाडलं होतं.

शेवंतीची तर पिसंच गळू लागली. पिवळीधमक शेवंती अशी उघडीबोडकी दिसू लागली की तिची तिलाच लाज वाटावी. मामीच्या डोळ्यांना पडू नयेत म्हणून आवडी ती पिसं रोज वेचायची आणि लुगड्याच्या ओच्यात दडवायची.

रश्श्याचा बेत कानावर पडला त्याच दिवशी मामीनं तिला लाकडं आणायला धाडलं. ओचा पिसांनी फुगलेला, डोळे ओले, अशी आवडी देवराईत शिरली.

देवराईत कुणी झाड तोडत नसे, नुसती वाळली काटकी उचलायची. त्यामुळं झाडं अशी मोठी झाली होती की त्यांच्या फांद्यांत ढग अडकायचे. सकाळचं कोवळं ऊन पानापानांतून झिरपून खाली पडत होतं. कुठं पोपटी, कुठं सोनेरी, कुठं नुसतंच चकाकतं. कोळ्यांच्या जाळ्यांवर दहिवराचे इवले इवले मणी लगडले होते. अशा त्या झगमगाटात एका बेहड्याच्या मुळाशी, वाळक्या पानाखाली काहीतरी थरथरत होतं.

आवडीनं पान हळूच उचललं. खाली एक चिमुकली परी बसली होती. करंगळीएवढी. अंगात जांभळ्या पाकळीचा झगा, केसांत दवाची टिकली. पण तिच्या पाठीवर पंख नव्हते. पंखांच्या जागी दोन लाल कोंब होते, आणि आजूबाजूला पडल्या होत्या फाटक्या, फिक्या, काचेसारख्या पंखांच्या चिंध्या.

परीनं चटकन तोंड फिरवलं. "बघू नकोस. मी आत्ता बघण्यासारखी नाही."

कुणी दुसरं असतं तर विचारलं असतं, पंख कुणी तोडले, कसे तोडले, दुखतं का. आवडीनं काहीच विचारलं नाही. तिनं ओच्यातली शेवंतीची पिसं काढली, सगळ्यांत मऊ मऊ होती ती निवडली, आणि परीच्या भोवती पिवळी गुबगुबीत गादी रचली. वर एक पीस पांघरूण म्हणून घातलं. मग ती पाठ करून बसली, परीला चोरट्यासारखं वाटू नये म्हणून.

बऱ्याच वेळानं परीची थरथर थांबली.

"किती ऊबदार आहे गं," ती म्हणाली. "कुणाची पिसं ही?"

"शेवंतीची," आवडी म्हणाली. "गळतात तिची."

"माझेही गळतात. वर्षातून एकदा, दिवस लहान व्हायला लागले की. जुने पंख झिजतात ना, त्यांच्यानं थंडी निभत नाही. मग नवे उगवेपर्यंत मी अशी दडून बसते." परी पिसात शिरून आवडीकडं वळली. "माझं नाव दहिवरी. तू मला ऊब दिलीस, तर मी तुला तीन इच्छा देईन. पण नेम ऐकून घे. माझी सारी जादू आत्ता पंख विणण्यात गुंतलीय. नव्यानं काही घडवायला माझ्यापाशी काहीच नाही. तू जे मागशील ते कुठून तरी काढून द्यावं लागेल. कुणाच्या तरी ओंजळीतलं कमी होईल, तेव्हाच दुसऱ्या ओंजळीत पडेल."

आवडीला रश्श्याचं पातेलं डोळ्यांपुढं दिसत होतं. तिनं घाईघाईनं म्हटलं, "माझ्या कोंबड्यांनी अंडी द्यावीत. उद्याच."

"ती कोंबड्यांतूनच येतील बरं."

अंडी कोंबड्यांतूनच येतात, त्यात काय नवं, असं आवडीच्या मनात आलं. "चालेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मामीनं गोणपाट उचललं आणि तिचा चेहरा पुनवेच्या चांदासारखा उजळला. खुराड्यात अंडीच अंडी, आणि तीही कशी, तुळतुळीत, जड, मोत्यांच्या रंगाची. मामीनं ती पदरात घेतली, तुसाच्या मडक्यात घातली, आणि त्या दिवशी आवडीच्या भाकरीवर लोण्याचा गोळासुद्धा पडला.

पण आवडीला भाकरी गिळेना. कवडी उभीच राहत नव्हती. पाय पोटाशी दुमडून ती कोपऱ्यात पडली होती. उचलून ठेवलं की मेणाच्या बाहुलीसारखी कोलमडायची. शेवंतीच्या अंगावर कालपरवा कुठं नवे कोंब दिसू लागले होते, ते सगळे नाहीसे झाले होते, आणि नुसती निळसर कातडी वाऱ्यावर शहारत होती. थोरलीनं मान टाकली होती. तिचा तुरा राखेसारखा पडला होता.

आवडी धावत देवराईत गेली.

"कुठून आलं ते कळलं ना," दहिवरी हळूच म्हणाली. तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. "कवचाचा चुना कवडीच्या हाडांतून आला. शेवंतीनं नव्या पिसांसाठी जमवलं होतं ते बलकात गेलं. आणि थोरलीनं काय दिलं ते तर विचारूच नकोस."

"परत कर," आवडी म्हणाली. "जे ज्याचं होतं ते त्याला परत कर. ही माझी दुसरी इच्छा."

"अंडी जातील."

"जाऊ देत."

घरी येऊन पाहते तो कवडी दाणे टिपत फिरत होती, आणि मामी मडक्यापाशी कमरेवर हात ठेवून उभी होती. मडक्यात नुसतं तूस. मामीनं आवडीला विचारलंच नाही. विचारायचं कशाला, घरात खाणारं तोंड दुसरं होतं कोण? तिनं साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की कच्ची अंडी गिळणारी पोरगी आजवर ऐकली नव्हती, ती आता पाहिली. चंपाषष्ठीनंतर एकही कोंबडी दारात ठेवायची नाही हे तिनं तिथंच ठरवून टाकलं, आणि रश्श्याची बोलावणी त्याच दिवशी सगळीकडं गेली. त्या दिवशी आवडीला पाण्याचे पुष्कळ घोट घ्यावे लागले.

तिसऱ्या वेळी ती देवराईत हळूहळू चालत गेली. वाटेत तिनं सगळ्या इच्छा मनात मांडून पाहिल्या. मामीचं मन बदलावं, असं मागावं तर ते कुठून येणार? मामीच्याच दुसऱ्या कुठल्या मायेतून काढावं लागेल, आणि तिच्यापाशी ती आधीच बेताची. कोंबड्या घेऊन कुठंतरी उडून जावं म्हणावं, तर तेवढे पंख कुणाचे उपटायचे? दहिवरीपाशी पोचेपर्यंत तिच्याजवळ एकच गोष्ट शिल्लक उरली होती.

"मला कळू दे," ती म्हणाली. "त्यांना काय होतंय ते मला दिसू दे. पुढचं मी करीन."

दहिवरी तिच्याकडं बघतच राहिली. तिच्या पाठीवरचे कोंब एव्हाना नखभर वाढले होते आणि त्यांच्या टोकांना निळी-गुलाबी किनार फुटली होती.

"दिसेल. पण हेही कुठून तरी काढावं लागेल, आणि ह्या वेळी तुझ्याचपासून. तुझ्याजवळ काय साठलंय?"

"काही नाही माझ्याजवळ."

"न बोललेलं पुष्कळ आहे," परी हसून म्हणाली. "एवढं साठवलेलं मी तरी कुणाकडं पाहिलं नाही. त्यातून काढते. पण ध्यानात ठेव, एकदा बांध फुटला की तो कधी फुटावा हे तू ठरवायचं नाही. त्या वेळी तुला गप्प बसता येणार नाही."

आवडीला थोडी भीती वाटली. पण तिनं मान हलवली. दहिवरीनं जाळ्यावरचे दवाचे दोन मणी काढले आणि आवडीच्या पापण्यांवर ठेवले. गार गार, गोड गोड अशी शिरशिरी तिच्या अंगभर गेली.

आवडी घरी आली, गोणपाट वर केलं, आणि तिच्या तोंडातून "अगं बाई" एवढंच निघालं.

प्रत्येक कोंबडीच्या आत एक पणती होती. इवलीशी, बोराएवढी. आणि तिच्यात तेल होतं ते उन्हाचं. दिवसभर डोळ्यांवाटे ऊन आत झिरपायचं, थेंब थेंब साठायचं, आणि पुरेसं साठलं की मग कुठं आत अंडं आकाराला लागायचं. थंडीत दिवस आखडले म्हणजे ऊन आधीच थोडं. त्यात सकाळचं गोणपाटानं अडवलेलं, संध्याकाळचं गोणपाटानं अडवलेलं. पणत्या मिणमिणत होत्या बिचाऱ्या. दृष्टीला भिऊन मामीनं सूर्यालाच दाराबाहेर उभं केलं होतं.

कवडीची हाडं आतून दिसत होती, पोपडे निघालेल्या भिंतीसारखी. तिचा चुना डोहाच्या तळाशी टरफलांत पडून होता. शेवंतीच्या अंगात तर केवढी लगबग. कातडीखाली जणू शेकडो चिमुकले विणकर बसले होते आणि सोन्याच्या तारांनी पिसं विणत होते. एकही जण मान वर करत नव्हता. घरात नवी वस्त्रं विणली जात असताना अंड्यांना कुणी बघावं? रुसवा नव्हता, आळस नव्हता. ती कामात होती.

आणि थोरली. तिची पणती कोरडी होती. तेल कितीही घातलं, तरी ते आत राहणारच नव्हतं. पण पणती ज्या कोनाड्यात होती तो कोनाडा इतक्या वर्षांच्या उजेडानं असा माखला होता की अजूनही मंद मंद झळकत होता. आवडीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. इथं करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि ते थोरलीला तिच्याही आधीपासून ठाऊक होतं असं दिसलं.

दुसऱ्या दिवसापासून आवडी झुंजुमुंजू होताच उठू लागली. कोंबड्या देवराईत चरायला नेते, एवढंच तिनं मामीला सांगितलं. मामी म्हणाली, ने, तेवढेच आपले दाणे वाचतील, आणि रस्साही चांगला उतरेल. सूर्याचा पहिला केशरी तुकडा डोंगरावर आला की तिघी त्यात उभ्या असायच्या, आणि शेवटचा तांबूस तुकडा जाईपर्यंत उन्हातच राहायच्या. ओढ्याकाठचे पांढरे शिंपले आवडी दगडानं कुटायची. कवडी ते असे मटकावायची की जणू बत्तासे. चुलीतली राख आणून तिनं उन्हात खळगा केला. कोंबड्या त्यात लोळायच्या, पंख फडफडवायच्या, आणि त्यांच्या अंगातल्या पिसवा तोबा म्हणून पळायच्या.

मिरीही तिला तिथंच सापडली. करवंदीच्या जाळीत आत, पार आत, एक पणती अगदी खाली झुकून जळत होती. मिरी अंड्यांवर बसली होती. मुंगसानं वगैरे काही नेलं नव्हतं. बादलीतल्या पाण्याला कंटाळून तीच निघून आली होती. आवडीनं तिच्यापुढं पाण्याची करवंटी ठेवली आणि जाळीचं तोंड काट्यांनी बंद केलं. मिरीनं गुरगुरून तिचे आभार मानले.

शेवंतीच्या अंगावर पिसं आली. आधी सुईसारखी, मग कळीसारखी, मग एका सकाळी उमललेलीच. दहिवरीचे पंखही तसेच वाढत होते. दोघी कधी कधी शेजारी बसून एकमेकींचं नवं अंग न्याहाळत. आवडीचा मग ऊर भरून यायचा. ह्या तिच्या कोंबड्या. कुणी काही म्हणो.

चंपाषष्ठी झाली. देवाला भरीत-रोडगा झाला. दुसरा दिवस उजाडला तेव्हा देवराईत धुकं होतं, दुधासारखं पांढरं. बेहड्याच्या मुळावर दहिवरी उभी होती, आणि तिनं पंख मिटून घेतले होते.

"आता बघ," ती म्हणाली.

तिनं पंख उघडले. निळे, गुलाबी, सोनेरी, हिरवे. मोराच्या पिसाऱ्यातले आणि शंखाच्या पोटातले सगळे रंग त्यांत होते, आणि मध्येच असेही काही की ज्यांना अजून नावं नव्हती. धुक्याचं पाणी झालं. झाडांच्या खोडांवर रंगांचे कवडसे नाचू लागले.

"कित्येक दिवस मी तोंड लपवून बसले होते," दहिवरी म्हणाली. "तुझ्या शेवंतीनं मला शहाणं केलं. अंगावर नवं उगवत असतं तेव्हा मान खाली घालू नये. तुला द्यायला माझ्यापाशी आता इच्छा नाहीत, आवडी. पण माझ्या उजेडातला थोडा मी मागं ठेवून जाते. हा माझ्याच ओंजळीतला आहे."

ती उडाली. आधी काजव्याएवढी, मग ताऱ्याएवढी, मग साऱ्या देवराईएवढी लखलख झाली. आवडीनं डोळे मिटले. उघडले तेव्हा परी नव्हती. नुसता उजेड होता, सोन्याच्या पिठासारखा, भुरभुर खाली येणारा. आणि त्या उजेडातून कोंबड्या एकामागून एक चालत बाहेर येत होत्या. शेवंती पुढं, कवडी मागं, मग थोरली. आणि करवंदीच्या जाळीतून, सगळ्यांच्या शेवटी, मिरी. तिच्या पायांत घोटाळत होती कापसाचे गोळे असावेत तशी पिल्लं. पिवळी, काळी, ठिपक्यांची, चिवचिव चिवचिव करणारी. आवडीनं त्यांना रानात दडवलं नाही; मान खाली घालायची नाही म्हणून ती सगळ्यांना घेऊन सरळ घरी निघाली.

घरी अंगणात आळी जमली होती. तीन दगडांवर पातेलं चढलं होतं आणि मामी मसाला वाटत होती. आवडी अंगणात शिरली तशी माणसांची कुजबूज थांबली. शेवंतीचं अंग उन्हात पेटल्यासारखं झळाळत होतं. कवडी चांदीची वाटत होती. मिरीच्या मानेवर पाचू चमकत होते. तानूकाकीनं तोंडावर हात ठेवला. "साळू, अगं ह्या कुणाच्या कोंबड्या?"

मामी ताडकन उठली. तानूकाकीचा डोळा, आणि तोही इतक्या जणांच्या डोळ्यांसकट. काही वेळानं ह्याच कोंबड्या पातेल्यात जायच्या आहेत हे ती पार विसरली, आणि गोणपाट ओढायला धावली. इकडं मामानं ठरल्याप्रमाणं सगळ्यांत सावकाश चालणारी होती ती उचलली. थोरलीला. दुसऱ्या हातात सुरी.

त्या क्षणी थोरली ओरडली. भीतीनं नव्हे. मान वर करून, आभाळाकडं बघून, असा लांबलचक, कर्कश हाकारा तिनं घातला की मामाच्या हातातली सुरीच गळाली. मिरीनं तो ऐकला मात्र, आणि पिल्लं अशी पंखाखाली गेली की जणू जमिनीनं गिळली. दुसऱ्याच क्षणी वरून घार झेपावली. तिच्या नख्यांना नुसती धूळ लागली. गिरकी घेऊन ती आली तशी निघून गेली.

मामानं थोरलीला खाली ठेवलं. अगदी हळू, पाहुण्याला पाटावर बसवावं तसं. "एवढ्या माणसांत घार कुणालाच दिसली नाही," तो म्हणाला. मग त्यानं पाण्याची कळशी उचलली आणि पातेल्याखालचा जाळ विझवला. मामी काही बोलणार होती, पण ह्या वेळी त्यानं "हूं"सुद्धा केलं नाही.

तरी मामीच्या हातात गोणपाट होतंच. ती ते खुराड्यावर घालत होती, चारी कोपरे ओढून ओढून, आणि पुटपुटत होती की आता तर हमखास लागली, आता तर काही खरं नाही.

आवडीच्या घशाशी काहीतरी आलं. तिनं सवयीनं पाण्याकडं हात नेला. पण पाणी मामानं चुलीत ओतलं होतं, आणि बांध तर फुटलाच होता.

तिनं गोणपाटाचं एक टोक धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं. साऱ्या आळीनं तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"मामी, अंडी मी खाल्ली नाहीत. शेवंती पिसं विणत होती, कवडीला चुना नव्हता, मिरी पिल्लं काढत होती. ह्या कुणी रुसल्या नव्हत्या, तुम्हीच त्यांचं ऊन झाकलं होतं. संक्रांत होऊ द्या, दिवस वाढू द्या, ह्या तिघी परत अंडी देतील. थोरली देणार नाही. ती म्हातारी झाली, आणि ती इथंच राहील. आता हे गोणपाट काढा. तानूकाकीला बघू द्या, सगळ्यांना बघू द्या. बघण्यासारख्याच आहेत माझ्या कोंबड्या."